शाईचा रंग आणि कागदाचे वय : सातारा व सांगलीकडील दप्तरांच्या निमित्ताने

शाई तपकिरी पडलेली दिसली की कागद जुना आणि ती काळीभोर दिसली की कागद अलीकडचा, असा एक समज दप्तरे चाळणाऱ्यांच्या मनात सहज रुजतो. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या कागदपत्रांस हा समज लावून पाहिला, तर तो बहुधा पहिल्याच रुमालात उलटा ठरतो. अठराव्या शतकातील मोडी पत्राची अक्षरे आजही काजळासारखी काळी असतात. त्याच रुमालात पुढे येणारा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागद मात्र गंजाच्या रंगावर गेलेला असतो. शंभर वर्षांनी धाकटा कागद थोरला भासतो. याचे कारण वयात नाही, दोन शायांच्या घटनेत आहे.

मोडी लेखनाची प्रचलित शाई ही मुख्यतः काजळाची. तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ खलून ती सिद्ध करीत. काजळ म्हणजे शुद्धप्राय कार्बन. त्यावर हवेची, उजेडाची वा सौम्य आम्लाची क्रिया जवळजवळ होत नाही. म्हणून या शाईस रंगबदल ठाऊक नाही. लिहिली त्या दिवशी ती जितकी काळी, तितकीच दोन शतकांनंतरही काळी. तिचा दोष निराळा आहे. ती कागदाच्या तंतूंत मुरत नाही, डिंकाच्या आधाराने पृष्ठावर बसून राहते. त्यामुळे पाणी लागले तर पसरते आणि घड्यांवर घासली गेली तर झडते. सज्जनगडाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच दिला आहे. बोरू, कागद, ओळी, समास यांचा विचार तर त्यात आहेच. शिवाय तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, असा व्यवहारी इशाराही आहे. वाचणाऱ्याची दृष्टी क्षीण होईल ही चिंता त्यात आहे. शाईचा रंग क्षीण होईल ही चिंता नाही. काजळाच्या शाईने लिहिणाऱ्यास ती असण्याचे कारणही नव्हते.

अशा कागदांची या प्रदेशातील विपुलता प्रसिद्धच आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांनी साताऱ्यास राज्याभिषेक करविल्यापासून हे नगर छत्रपतींच्या राजधानीचे ठिकाण झाले. वाईजवळच्या मेणवली येथे नाना फडणिसांचे दप्तर होते. कृष्णेच्या खालच्या अंगास मिरज आणि सांगली येथे पटवर्धन सरदारांची दप्तरे होती, आणि त्यांतील निवडक पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस राहून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत छापली. साताऱ्यास दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी जमविलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. (आजचा सांगली जिल्हा १९४९ ते १९६० या काळात दक्षिण सातारा या नावाने ओळखला जात असे, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र विचार करणे इतिहासास धरूनच आहे.)

दुसरी शाई येथे राज्यक्रांतीबरोबर स्थिर झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांकडे साताऱ्याचे राज्य सोपविण्यात आले, आणि कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, साताऱ्यास होता. येथून एकाच गावात दोन लेखनपरंपरा शेजारी नांदू लागल्या : दरबारात बोरू, काजळाची शाई आणि घोटीव देशी कागद, कंपनीच्या कचेरीत पिसाची लेखणी, विलायती कागद आणि मायफळाची लोहयुक्त शाई. मोडी अर्जाच्या पाठीवर इंग्रजी शेरा पडला की दोन्ही शाया एकाच पानावर येत. अशा पानासारखा बोलका पुरावा दुसरा नाही. कागद एक, हवा एक, पेटी एक. आणि तरीही एका बाजूस अक्षर काळे, दुसऱ्या बाजूस तपकिरी.

मायफळ हे विशिष्ट ओकवृक्षावर कीटकाच्या दंशाने उठणारी गाठ होय. तिच्यात टॅनिन विपुल असते. तिच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे फेरस सल्फेट, मिसळले की शाई होते. सह्याद्रीच्या रानांत, विशेषतः महाबळेश्वर व कोयनेच्या बाजूस, मिळणारा हिरडाही असाच टॅनिनयुक्त आहे, आणि हिरडा व हिराकस यांचा काळा रंग भारतातील रंगाऱ्यांस पूर्वापार परिचित होता. काजळाच्या शाईत हिरड्याचा काढा आणि हिराकस घालण्याच्या मिश्र कृतीही देशात होत्या. म्हणून मोडी अक्षर दिसले की शाई निव्वळ काजळाचीच, असे परीक्षेवाचून म्हणू नये.

या शाईचे मर्म असे की ती लिहिताना काळी नसतेच. फेरस अवस्थेतील लोह आणि टॅनिन यांचा संयोग विद्राव्य व जवळजवळ रंगहीन असतो. शाई कागदावर उतरून हवेच्या संपर्कात आली की प्राणवायूमुळे लोह फेरिक अवस्थेत जाते आणि मग निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तंतूंच्या आतच तयार होतो. अक्षर कागदावर चढत नाही, कागदात रुजते. म्हणूनच ही शाई खोडून काढणे कठीण, आणि म्हणूनच दस्तऐवजांसाठी ती युरोपात शतकानुशतके मान्य राहिली.

लिहिणाऱ्यास आपले अक्षर लिहिता लिहिता दिसावे तर त्या फिकट द्रवात आधी काही रंग हवा. जुने लोक शाई काही दिवस उघडी ठेवून दौतीतच थोडी काळी होऊ देत. पण त्याने गाळ बसे. १८३२ च्या सुमारास इंग्लंडात हेन्री स्टीफन्स याने निळीकाळी लेखनशाई विक्रीस आणली. तिच्या मागील युक्ती ही की लोह फेरस अवस्थेतच राखावे आणि तात्पुरत्या दर्शनासाठी निळा रंग घालावा. अक्षर प्रथम निळे उमटते, काही तासांत गडद होऊ लागते आणि दिवसांमागून दिवस काळे होत जाते. १८९० मध्ये जर्मनीत श्लुटिग व नॉइमान यांनी प्रमाणशाईची कृती ठरविली. तीत लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम हिराकस होते. इतके लोह टाकाला चालते, फाउंटन पेनला, म्हणजे झरणीला, चालत नाही. तिच्या अरुंद नळीत गाळ अडतो. झरणीच्या शाईत लोह कमी, आम्ल बेताचे आणि निळा रंग अधिक. भारतीय मानक क्रमांक २२० मध्ये झरणीच्या लोहयुक्त शाईसाठी लोहाचे प्रमाण ०.१ टक्का धरले आहे. शाळा-कचेऱ्यांतून मात्र स्वस्त भुकटी आणि वड्या विरघळवून केलेली शाईच दीर्घकाळ चालली. मुंबईस दांडेकरांनी १९३१ मध्ये घोडा छाप भुकटी व वड्यांपासूनच आपला उद्योग आरंभिला आणि मग ते झरणीच्या ‘कॅमल’ शाईकडे वळले.

झरणीच्या लोहयुक्त शाईचे वार्धक्य यावरून समजते. तिच्यात दोन रंग एकत्र राहतात आणि दोघांचे आयुष्य सारखे नसते. निळा रंग उजेडास लवकर बळी पडतो. लोहाचा काळा रंग मागे उरतो. तो पुरेसा असला तर अक्षर करड्या-काळ्या छटेवर स्थिरावते. लोह मुळातच थोडे असले, किंवा लिहिणाऱ्याने घाईने टीपकागद दाबून शाई तंतूंत मुरण्यापूर्वीच उचलून घेतली असली, तर निळा रंग गेल्यावर पानावर फिकी पिवळट रेघ तेवढी राहते. एकाच वहीत, एकाच हाताच्या लेखनात, पानाचा वरचा भाग गडद आणि तळच्या ओळी फिक्या दिसतात त्याचे कारण अनेकदा हेच असते : वरच्या ओळी आपोआप वाळल्या, तळच्या टिपल्या गेल्या. बाटली फार दिवस उघडी राहिली असेल तर रंगद्रव्य तळाशी गाळ होऊन बसते आणि वरच्या पाण्याने लिहिलेले अक्षर जन्मतःच अशक्त असते.

तपकिरी छटेचे कारण आणखी खोल आहे. टॅनिन आणि लोह यांचे प्रमाण जुळले नाही, आणि लोह शिल्लक राहिले, तर काळा पदार्थ कालांतराने विघटित होतो व मागे गंजासारखी लोहाची संयुगे उरतात. अठराव्या शतकात विल्यम लुईस या इंग्रज रसायनज्ञाने प्रयोगांती मायफळ तीन भाग व हिराकस एक भाग असे प्रमाण सुचविले, ते याच दोषावर. हे शिल्लक लोह आणि शाईत निर्माण होणारे सल्फ्युरिक आम्ल हे दोघे मिळून कागदाचा तंतूही खातात. प्रथम अक्षराच्या मागे पानाच्या पाठीवर तपकिरी सावली उमटते. मग अक्षराभोवती वलय येते. शेवटी गडद अक्षरे तुटून पडतात आणि पानात अक्षराच्या आकाराची भोके राहतात. येथे कागदाची जातही महत्त्वाची. जुन्नरसारख्या ठिकाणच्या देशी कागदाच्या लगद्यास चुन्याचा संस्कार होत असे, आणि चुन्याचा अंश आम्लास काही काळ थोपवून धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गिरणीचा कागद तुरटी व राळ यांनी बांधलेला, म्हणजे स्वतःच आम्लधर्मी. आम्ल शाई आणि आम्ल कागद ही जोडी सर्वांत अल्पायुषी होय. दुर्दैवाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदवह्या बऱ्याच अंशी याच जोडीच्या आहेत.

रंगावरून वय ठरविण्याची सवय केवळ विद्वानांपुरती राहिली असती तर तिची एवढी चर्चा नको होती. परंतु या प्रदेशात कागदाच्या खरेपणावर माणसांची उपजीविका आणि राज्येही अवलंबून होती. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनच्या चौकशीस कायद्याचे बळ मिळाले आणि दख्खन व दक्षिण मराठा मुलुखातील इनामदारांस आपापल्या सनदा पुढे कराव्या लागल्या. त्यापूर्वी, १८३९ मध्ये, प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले. त्यांच्याविरुद्ध पुढे आलेले कागद बनावट असल्याचे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते, आणि रंगो बापूजींनी ती कैफियत लंडनपर्यंत नेली. काजळाच्या शाईने आज लिहिलेली सनद आणि शंभर वर्षांपूर्वीची सनद यांत निव्वळ काळेपणावरून भेद करता येत नाही. उलट लोहशाईचा कागद पाऊणशे वर्षांतही पुरातन भासू शकतो. लोहशाई वयाविषयी काही सांगते, पण ते फक्त तिच्या कोवळ्या वयात. मिचेल व हेपवर्थ यांचा शाईवरील इंग्रजी ग्रंथ १९०४ मध्ये निघाला, त्या काळापासून तज्ज्ञ अशा अक्षरावर ऑक्झॅलिक आम्लासारखा द्रव लावून पाहत : ताजे अक्षर लवकर पसरते, मुरलेले अक्षर दाद देत नाही. काही वर्षे लोटल्यावर ही साक्षही बंद होते. अवरक्त प्रकाशात मात्र दोन शायांची जात उघड होते. काजळाचे अक्षर काळेच राहते, लोहशाईचे फिके होत दिसेनासे होते. जात कळते, वय त्यावरूनही कळत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, तेव्हा शायांचा हा भेद पुस्तकी उरला नाही. भिजलेल्या पानावर काजळाची शाई पसरण्याचा धोका. झरणीच्या शाईतील निळा रंग धुपून जाण्याचा, पण लोहाचे अक्षर टिकण्याचा संभव. आणि त्याच ओलाव्याने शिल्लक लोह अक्षराबाहेर निरोगी कागदात सरकण्याचा धोका. लोहशाईवर १९९० च्या दशकात हॉलंडमध्ये योहान नेवेल यांनी कॅल्शियम फायटेटचा उपचार सुचविला. तो लोहास बांधून ठेवतो. पण त्यासाठी पान पाण्याच्या द्रावणात बुडवावे लागते. जे पान एका बाजूस मोडी आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी शेऱ्याचे आहे, त्याच्या एका शाईचे औषध हे दुसरीचे विष ठरू शकते. अशा पानावर प्रथम इंग्रजी अक्षराच्या कडेस नेवेल यांचीच परीक्षापट्टी किंचित ओली करून क्षणभर टेकवितात. पट्टी किरमिजी झाली तर फेरस लोह मोकळे आहे असे समजावे. मग मोडी अक्षराच्या एखाद्या टिंबावर पाण्याचा एक थेंब टेकवून शाई हलते का, हे पाहतात. हलली तर पान बुडवीत नाहीत. कोरड्या, आम्लरहित कागदाच्या घडीत, ओलाव्यापासून दूर, ते तसेच ठेवतात.