बिनतारी हौशी केंद्रांचीं पोचपत्रें : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, सनदा, खासगी पत्रें, ताळेबंद व शकावल्या यांकडे आपलें लक्ष प्रथम जातें. कागद जितका जुना तितकें त्याचें मोल अधिक, ही समजूत संग्राहकांत रूढ आहे. परंतु जो कागद आज कोणी जपत नाहीं तोच पन्नास वर्षांनीं दुर्मिळ होतो, हा अनुभवहि आपणां सर्वांचाच आहे. प्रस्तुत लेखांत अशाच एका कागदाची ओळख करून देण्याचें योजिलें आहे. तो कागद म्हणजे हौशी बिनतारी संदेशकांची, ज्यांना 'हॅम' म्हणतात त्यांची, नोंदवही व त्यांनीं परस्परांस धाडलेलें पोचपत्र. या पोचपत्रास त्या वर्गांत 'क्यूएसएल कार्ड' असें नांव आहे.

या विद्येचा आपल्याकडील आरंभ अगदीं अलीकडचा नव्हे. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनीं १९२१ सालीं आपलें केंद्र चालविलें. हिंदुस्थानांतील पहिले हौशी संदेशक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. मुंबईंत जून १९२३ मध्यें रेडिओ क्लबानें कार्यक्रम प्रक्षेपित केले. हिंदी ब्रॉडकास्टिंग कंपनीचें दीड किलोवॅटचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, म्हणजे हौशी मंडळी चार वर्षें आधीं या वाटेनें गेली होती. पुढें १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें नवे परवाने बंद केले व संदेशकांस आपलीं यंत्रें पोलिसांच्या हवालीं करण्यास फर्माविलें. स्वातंत्र्यानंतर महू येथील सिग्नल्स शाळेंत १५ मे १९४८ रोजीं या मंडळींचा क्लब स्थापन झाला.

युद्धकाळच्या या बंदींत एकच केंद्र इतिहासांत ठळकपणें उभें राहिलें, तें मुंबईचें गुप्त काँग्रेस रेडिओ. उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं नरीमन प्रिंटर या जाणत्या तंत्रज्ञाच्या साह्यानें तें २७ ऑगस्ट १९४२ रोजीं हवेंत आणलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें पकडलें गेलें. त्याची लहरलांबी ४२·३४ मीटर होती. प्रकाशाच्या वेगास या आंकड्यानें भागिलें असतां कंपनसंख्या सुमारें ७,०८१ किलोसायकल येते. भारतांत हौशी संदेशकांस आज ७,००० ते ७,२०० हा पट्टा मोकळा आहे. तेव्हां ज्या जागीं बोलल्याबद्दल उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली, त्याच पट्ट्यांत आज परवानाधारक रोज सकाळीं निर्वेधपणें क्षेमकुशल विचारीत असतात.

परंतु संशोधकानें येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. काँग्रेस रेडिओचा इतिहास आपणांस इतका तपशीलवार उपलब्ध आहे, कारण सरकारी कानांनीं तें ऐकून टिपून ठेवलें व खटल्याच्या दप्तरांत तें कागद शिल्लक राहिले. बंडखोराचा शब्द राज्यकर्ता जपून ठेवतो; साध्या माणसाच्या रोजच्या व्यवहाराची नोंद मात्र त्याची त्यालाच ठेवावी लागते. हौशी संदेशकाचा नित्य व्यवहार हा असाच आहे. तो प्रक्षेपण करीत नाहीं, एकास एक बोलतो. बोलणें संपलें कीं हवेंत कांहीं उरत नाहीं. उरते ती वहींतील एक ओळ व टपालानें आलेलें एक कार्ड.

त्यांतहि अल्पशक्तीच्या केंद्रांचे कागद विशेष बोलके आहेत. मोर्स संकेतांत पांच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीनें काम करणें यास 'क्यूआरपी' म्हणतात. शंभर वॅटांऐवजीं पांच वॅट वापरले असतां शक्ति विसांश होते, पण ऐकणाऱ्याच्या मापकावर दोन अंशांहून किंचित् अधिकच उतार दिसतो. कानाला एवढा फरक बहुधा सोसतो. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठीं सुमारें वीस मीटर तांब्याची तार, मधोमध जोडलेली, दोन झाडांमध्यें ताणली व लहानशी बॅटरी घेतली कीं काम सुरू होतें. उरलेलें काम वातावरणाचा वरचा विद्युद्भारित थर करतो. तो थर सूर्याच्या सुमारें अकरा वर्षांच्या चक्राबरोबर बदलतो. शंभर वॅटवाला या बदलावर शक्तीनें कांहीं अंशीं मात करतो. पांच वॅटवाल्याच्या वहींत मात्र तो जसाच्या तसा उमटतो. एकाच ठिकाणाहून वीस वर्षें लिहिलेली अशी वही म्हणजे सूर्याचीच एक बखर होय.

आतां हें कार्ड वाचावें कसें, याविषयीं चार शब्द. त्यावर दोन्ही केंद्रांचीं संकेतनामें, दिवस, वेळ, कंपनसंख्या, यंत्राची शक्ति, तारेचा प्रकार व ऐकूं आल्याचा तीन अंकी शेरा असतो. १९२९ पासून हिंदी संकेतनामांच्या आरंभीं 'व्हीयू' हीं अक्षरें येऊं लागलीं. यावरून कार्डाच्या काळाचा अंदाज बांधतां येतो. 'हिजरी' व 'शक' यांच्या मेळाची संवय असलेल्या वाचकांस येथील कालगणनेची अडचण नवी वाटणार नाहीं. कार्डावरील वेळ बहुधा जागतिक असते व ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें चालते. म्हणून सहा तारखेच्या पहाटे दोन वाजतांचें बोलणें कार्डावर पांच तारखेस साडेआठ रात्रीचें दिसतें. स्थानिक वेळेनें लिहिलेल्या वहीशीं तें ताडतांना तारीख चुकली असें समजूं नये. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळांत तर आपलीं घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. काँग्रेस रेडिओच्या वेळा ताडणारानेंहि हें विसरूं नये.

तीन अंकी शेऱ्याबाबतहि सावधगिरी हवी. स्पर्धांच्या दिवशीं जो तो '५९९' लिहितो. पत्राच्या मायन्यांतील 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' याइतकाच त्याचा पुरावा म्हणून उपयोग. अल्पशक्तीच्या कार्डावर '३३९' किंवा '४४९' आढळलें तर तें बहुधा खरें ऐकून लिहिलेलें समजावें.

स्थलनिश्चितीचा प्रश्नहि आहेच. एखाद्या कार्डावर नुसतें 'लोहारा, महाराष्ट्र' असेल तर तो कोणता लोहारा? एक यवतमाळ शहरानजीकचा, दुसरा धाराशिव जिल्ह्यांतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा प्रदेश या दुसऱ्या लोहाऱ्यास लागून आहे. त्या आपत्तींत हौशी संदेशकांनीं दळणवळणाचें साह्य केलें होतें. तेव्हां त्या आठवड्यांतील कार्ड कोणत्या लोहाऱ्याचें, हा केवळ पत्त्याचा प्रश्न राहत नाहीं. अशा वेळीं कार्डावरील जाळी-संकेत पाहावा : यवतमाळच्या लोहाऱ्याचा 'एमएल ९०' येतो, धाराशिवच्या लोहाऱ्याचा 'एमके' या अक्षरांनीं सुरू होतो.

या छंदाचें पुढें काय, असें पुष्कळ जण विचारतात. घरोघरीं भ्रमणध्वनि असतां बिनतारी यंत्र कशाला, हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि विद्या खुंटलेली नाहीं. ५ मे २००५ रोजीं 'हॅमसॅट' हा उपग्रह हौशी मंडळींसाठीं सोडला गेला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं घडविलेला, एक किलोहून हलका 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजीं अवकाशांत गेला, तोहि संदेशवहनासाठींच. २०१७ सालीं निघालेल्या 'एफटी-८' या पद्धतींत कानाला ऐकूं न येणारा क्षीण संदेशहि संगणक वाचतो. अल्पशक्तीच्या केंद्रांस हें वरदानच होय.

पण त्याच वरदानानें कागद संपत चालला आहे. संगणक आपली नोंद आपणच करतो, पोचहि यंत्रमार्गें पाठवितो. छापील कार्ड मागे पडत आहे. छंद कदाचित् टिकेल; त्याचें दप्तर टिकेलच असें नाहीं. जुना संदेशक वारला कीं यंत्रें विकलीं जातात, कार्डांचे खोके रद्दींत जातात. घरच्यांस त्यांतील अक्षरें लागत नाहींत, म्हणून दोषहि देतां येत नाहीं. मोडी रुमालांचें असेंच झालें.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. आपल्या गांवीं कोणी जुना संदेशक असेल तर त्याच्या हयातींतच त्याची गांठ घ्यावी. वह्या व कार्डें एकत्र ठेवावीं. सुंदर चित्रांचीं तेवढीं निवडून घेऊं नयेत, कारण कार्डाची साक्ष वहीशीं ताडल्यावांचून पुरी होत नाहीं. प्रत्येक खोक्यावर केंद्राचें संकेतनाम, गांव, तालुका व जिल्हा लिहावा. नांवें व पत्ते प्रसिद्ध करण्यापूर्वीं घरच्यांची संमति घ्यावी. सरकारनें टिपलेला सुमारें अडीच महिन्यांचा आवाज आज आपणांस वाचावयास मिळतो. पांच वॅटांवर वर्षानुवर्षें चाललेलें शांत बोलणें टिपून ठेवणें हें आपल्याकडेच राहिलेलें काम आहे.