मीठ, चारोळी आणि ‘ट्रक’

दिवाळीच्या करंजीत पडणारी चारोळी काय भावाने आली, हे गृहिणीला चोख ठाऊक असते. पण ही चारोळी रानातून निघे तेव्हा तिचा भाव एके काळी पैशांत नव्हे, मिठात होत असे!

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ साली. देवरी, सालेकसा या बाजूचे रान मात्र फार जुने. गोंद म्हणजे डिंक. तो आणि लाख घेऊन गोंड लोक विकावयास येत, त्यावरून गावाला गोंदिया नाव पडले असे सांगतात. रानात मोह, चारोळी, डिंक सारे होते. नव्हते ते मीठच. समुद्रकाठचे ते मीठ वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग झाला, तेव्हा कुठे हे तांडे उणावले. मध्य हिंदुस्थानातील गोंड मुलखात मापभर चारोळीला मापभर मीठ, असा सौदा चाले. मापास माप, दिसावयास किती न्यायाचे! पण मिठावाचून गोंडाचे अडे, चारोळीवाचून व्यापाऱ्याचे अडत नसे. शिवाय माप व्यापाऱ्याच्याच हातात.

वस्तूस वस्तू देण्याच्या या व्यवहाराला आपण ‘साटे’ म्हणतो. इंग्रजीत त्यालाच पूर्वी ‘ट्रक’ म्हणत. रस्त्यावर धावणारा ट्रक तो हा नव्हे. त्याचे नाते चाकाशी जोडतात. हा शब्द फ्रेंचांकडून आलेला. आडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात माणसाच्या देवघेवीच्या ओढीविषयी लिहिताना तो सरळ अर्थाने योजला. पुढे खाणमालक व कारखानदार मजुरीऐवजी माल, नाहीतर आपल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या देऊ लागले. भाव त्यांचा, तराजूही त्यांचा! अखेर १८३१ साली पार्लमेंटने ‘ट्रक ॲक्ट’ केला आणि अनेक धंद्यांत मजुरी नाण्यांतच देणे भाग पाडले. शब्द बिचारा बदनाम झाला तो झालाच.

आपल्या ‘साटेलोट्या’चे तरी काय झाले? ज्या घरी लेक द्यावी त्याच घरची लेक सून म्हणून आणावी, हा त्याचा राजरोस अर्थ. आज वर्तमानपत्रात तो दिसला की ठेकेदार आणि अधिकारीच डोळ्यांपुढे उभे राहतात.

आपल्याकडेही १९३६ च्या वेतन कायद्याने कारखान्यांतील मजुरी रोख ठरविली. पण १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, जिथे रूढी असेल तिथे सरकारच्या परवानगीने धान्यरूप मजुरीला वाट ठेवली. धानाच्या मुलखात ती वाट गैरसोयीची वाटली नसावी. महागाईत रुपयापेक्षा धानाच्या पायलीचा भरवसा मजुराला अधिक.