राणीखेत की बर्ड फ्लू? नवापूर २००६ आणि विषाणूला नाव देण्याची गोष्ट

१८ फेब्रुवारी २००६ ही तारीख भारतीय विषाणूशास्त्राच्या इतिहासात नोंदली गेली ती आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमुळे. त्याआधी काही आठवडे तिथल्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या मोठ्या संख्येने मरत होत्या. त्या दिवशी भोपाळच्या हाय सिक्युरिटी ॲनिमल डिसीज लॅबोरेटरीचा अहवाल जाहीर झाला: एच५एन१. भारतात बर्ड फ्लूची ही पहिली अधिकृत नोंद.

पण नवापूरमधले अनेक पोल्ट्रीवाले तेव्हा ठामपणे सांगत होते की ही राणीखेत आहे, बर्ड फ्लू नाही. हा निव्वळ हट्ट होता का? अजिबात नाही. नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना आपण विषाणूंची वर्गवारी पाठ करतो. ऑर्थोमिक्सो, पॅरामिक्सो, आरएनए, डीएनए. ही वर्गवारी नेमकी कशासाठी लागते, हे समजून घ्यायला नवापूरइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडं विज्ञान.

एकच शब्द, दोन रोग

आपल्याकडे गावात कोंबड्यांच्या राणीखेतला ‘मानमोडी’ म्हणतात. पक्ष्याची मान वाकडी होते, म्हणून मानमोडी. गंमत बघा, १९१८ साली महाराष्ट्रात माणसांमध्ये इन्फ्लुएन्झाची जी भयानक साथ आली, तिलाही लोक मानमोडीच म्हणायचे. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या कुळांतले विषाणू. लोकांनी नाव दिलं ते डोळ्यांना दिसलं त्यावरून, म्हणजे लक्षणांवरून. आणि लक्षणं विषाणूचं कूळ सांगत नाहीत.

शास्त्रज्ञांचंही सुरुवातीला असंच झालं. १८७८ मध्ये इटलीत एदुआर्दो पेरोनचितो यांनी कोंबड्यांच्या एका जीवघेण्या साथीचं वर्णन केलं. पुढे त्या रोगाला ‘फाउल प्लेग’ म्हणू लागले. १९०१ मध्ये कळलं की रोगाचा कारक जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही आरपार जातो. तेव्हा ‘विषाणू’ या शब्दाचा अर्थ एवढाच होता: गाळणीतून जाणारं काहीतरी. तो आतून कसा आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कोंबड्यांची साथ आली. एक-दोन वर्षांतच कुमाऊंमधल्या राणीखेतलाही आली. दिसायला फाउल प्लेगच. पण इंग्लंडमध्ये डॉयल यांनी दाखवून दिलं की या नव्या रोगातून वाचलेल्या कोंबडीला फाउल प्लेगपासून संरक्षण मिळत नाही. प्रतिकारशक्ती वेगळी, म्हणजे विषाणू वेगळा. जगाने त्या रोगाला न्यूकॅसल म्हटलं, आपण राणीखेत. नवापूरला २००६ मध्ये जो प्रश्न उभा राहिला, तो ऐंशी वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये पडलाच होता.

आणि फाउल प्लेगचं पुढे काय झालं? १९५५ मध्ये वर्नर शेफर यांनी सिद्ध केलं की तो इन्फ्लुएन्झा ए चाच विषाणू आहे. म्हणजे कोंबड्यांचा प्लेग आणि माणसाचा फ्लू एकाच घराण्यातले निघाले.

आतून काय वेगळं आहे?

आता दोघांना शेजारी ठेवून बघू.

बर्ड फ्लूचा विषाणू ऑर्थोमिक्सोव्हायरस कुळातला. त्याचा जनुकसंच आठ सुट्या आरएनए तुकड्यांचा, एकूण साधारण १३,५०० अक्षरांचा. पृष्ठभागावर दोन मुख्य प्रथिनं: हिमॅग्लुटिनिन म्हणजे ‘एच’ आणि न्यूरॅमिनिडेज म्हणजे ‘एन’. एच पेशीला चिकटतं आणि आत शिरायला मदत करतं. एन नव्याने तयार झालेले विषाणू पेशीपासून सोडवतं. नवापूरला कोंबड्या मारण्याच्या कामावरच्या लोकांना टॅमिफ्लूच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या याच एन ला रोखतात.

राणीखेतचा विषाणू पॅरामिक्सोव्हायरस कुळातला. त्याचा आरएनए एकच सलग धागा, साधारण १५,२०० अक्षरांचा. इथे चिकटणं आणि सोडवणं ही दोन्ही कामं एचएन नावाचं एकच प्रथिन करतं, आणि पेशीच्या पटलाशी एकजीव होण्यासाठी एफ नावाचं वेगळं प्रथिन असतं.

आठ तुकडे की एक धागा, हा फरक परीक्षेत एका गुणाचा वाटतो, पण खूप मोठा आहे. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवा विषाणू तयार होऊ शकतो. राणीखेतच्या विषाणूला असे तुकडेच नाहीत. म्हणूनच जगभरच्या आरोग्य यंत्रणांना राणीखेतची नाही, पण बर्ड फ्लूची धास्ती असते.

मग लक्षणं सारखी का?

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. फ्लूच्या एच ला आणि राणीखेतच्या एफ ला काम करण्याआधी एका ठरावीक जागी कापलं जावं लागतं. सौम्य प्रकारांमध्ये हे कापणारी विकरं फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, त्यामुळे रोग तिथेच मर्यादित राहतो. तीव्र प्रकारांमध्ये कापण्याच्या जागी आर्जिनीन, लायसीन अशी बेसिक अमिनो आम्लं लागोपाठ आलेली असतात. अशी जागा फ्युरिन नावाचं विकर कापू शकतं, आणि फ्युरिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींमध्ये असतं. मग विषाणू मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या, सगळीकडे पोचतो. श्वासाची घरघर, हिरवट हगवण, निळा पडलेला तुरा, लुळे पाय, वाकडी मान आणि बघता बघता अख्खं शेड रिकामं.

म्हणजे दोन वेगळ्या कुळांतले विषाणू एकाच युक्तीने घातक झाले. पोल्ट्रीवाल्याला दोन्ही सारखे दिसतात, कारण रोगाची यंत्रणाच सारखी आहे. राणीखेत ओळखीची होती, लासोटा लसीचे थेंब तर प्रत्येकाने दिलेले. बर्ड फ्लू त्याआधी देशात कोणी पाहिलाच नव्हता. त्यांनी ओळखीचं नाव घेतलं, यात नवल नाही.

प्रयोगशाळेने कसं ठरवलं?

जॉर्ज हर्स्ट यांच्या १९४१ च्या निरीक्षणावर आधारलेली चाचणी आजही वापरतात. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींमध्ये मिसळला की पेशी एकमेकींना चिकटून जाळं तयार होतं. पण थांबा. राणीखेतचा विषाणूही अगदी हेच करतो! म्हणजे ही चाचणी सकारात्मक आली तरी आपला प्रश्न सुटत नाही.

तो सुटतो पुढच्या पायरीवर. नमुन्यात आधी राणीखेतविरुद्धची प्रतिपिंडं मिसळायची. जाळं थांबलं तर राणीखेत. थांबलं नाही, पण एच५ विरुद्धच्या प्रतिपिंडांनी थांबलं, तर एच५. मग आरटी-पीसीआर आणि जनुकक्रम वाचून खात्री. संशोधनाला निघालेल्यांनी यातून एक गोष्ट मनात पक्की करावी: तुमच्या गृहीतकाला पाठिंबा देणारी चाचणी पुरेशी नसते, दोन गृहीतकांमध्ये फरक करणारी चाचणी लागते.

नवापूर जगाच्या नकाशावर

फ्लूच्या विषाणूचं अधिकृत नाव प्रकार, प्राणी, ठिकाण, क्रमांक, वर्ष अशा क्रमाने लिहितात. त्यामुळे ‘नवापूर’ हे नाव विषाणूंच्या वंशवृक्षांवर कायमचं जाऊन बसलं. त्या झाडावर त्याचे नातेवाईक कोण? मे २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो जंगली पक्षी ज्या विषाणूने मेले, त्याच्या शाखेचा, म्हणजे क्लेड २.२ चा हा विषाणू. याच शाखेचे विषाणू त्या वर्षभरात तुर्कस्तान, युरोप आणि आफ्रिकेतही पोचले. मात्र वंशवृक्ष नातं सांगतो, वाहन सांगत नाही. विषाणू पक्ष्यांबरोबर आला की व्यापाराबरोबर, हे फक्त जनुकक्रमावरून ठरत नाही. शोधनिबंध वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

माणसांचं काय? नवापूरच्या लोकांचे नमुने पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि दिल्लीच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. एकालाही लागण आढळली नाही. पक्ष्यांच्या विषाणूचं एच ज्या सायलिक आम्लाला चिकटतं (अल्फा २,३ जोडणी), ते माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात कमी असतं, तिथे अल्फा २,६ जास्त. त्यामुळे लागण अवघड, पण झाली तर गंभीर. २००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद आहे आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. भारतात पहिला मानवी मृत्यू नोंदला गेला तो थेट जुलै २०२१ मध्ये, हरियाणातल्या एका मुलाचा, दिल्लीच्या एम्समध्ये.

नावाची किंमत

राणीखेत ठरली असती तर उपाय होता लसीकरण. बर्ड फ्लू ठरल्यावर उपाय झाला तीन किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारणं, निरोगी दिसणारेसुद्धा. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. नवापूर अगदी हद्दीवरचं गाव. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. त्यामुळे पलीकडच्या उच्छल भागातही हेच झालं, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांमध्ये. देशभर चिकन आणि अंड्यांचे भाव कोसळले.

मोठ्या शेडचं नुकसान आकड्यात मोजता येतं. पण भिल्ल, गावित, मावची कुटुंबाच्या दारातल्या पाच-सहा कोंबड्या म्हणजे अडीअडचणीचा पैसा असतो. त्यातच भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे मर लवकर कळवली तरच काही हाती लागतं. पण लवकर कळवायला रोग वेळेत ओळखता आला पाहिजे, आणि तो नजरेने ओळखता येत नाही, हे तर आपण आत्ताच पाहिलं. नवापूरचा खरा पेच इथे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

म्हणून विषाणूशास्त्रात संशोधन करायचं असेल तर या दिशेने विचार करा: शेडच्या दारातच, काही मिनिटांत, राणीखेत आणि एच५ वेगळे ओळखणारी स्वस्त चाचणी, जी निकाल येताच शेतकऱ्याला लपवायला नाही तर कळवायला लावेल.

जाता जाता सरावासाठी तीन प्रश्न. उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहून बघा:

१. तांबड्या पेशींचं जाळं तयार झालं, एवढ्यावरून बर्ड फ्लू का ठरवता येत नाही?
२. कापण्याच्या जागेतल्या बेसिक अमिनो आम्लांमुळे विषाणू शरीरभर का पसरतो?
३. लस दिलेल्या शेडमध्ये राणीखेतविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर मर राणीखेतनेच झाली असं म्हणता येईल का?

तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ घालवा. मुलाखतीत विचारण्यासारखा आहे.