किती झाले?

मतदानाच्या दिवशी आमच्या नागपुरात रामरामाची जागा एक प्रश्न घेतो. महालात, इतवारीत, पाचपावलीत, इंदोऱ्यात, धंतोलीत कोणीही कोणाला भेटो, पहिला शब्द हाच : ‘‘किती झालं गा भाऊ?’’ काय झाले, कशाचे झाले, हे विचारण्याची गरज कोणाला पडत नाही. उत्तरही तसेच तुटक मिळते : ‘‘अकरापर्यंत वीस टक्के. पण आपल्याकडचे लोक जेवून निघतात.’’ मग दोघेही उन्हाकडे पाहतात, मनातल्या मनात एक बेरीज करतात आणि आपापल्या मांडवाकडे वळतात.

निवडणुकीचा इतिहास लिहिणारे उमेदवारांविषयी लिहितात, सभांविषयी लिहितात, निकालांविषयी तर लिहितातच. परंतु सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत मतदान केंद्राबाहेर बसून माणसे मोजणाऱ्या या मंडळींकडे सहसा कोणी पाहत नाही. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर या दुर्लक्षित गणितज्ञांची थोडी हकिकत ऐकावी, एवढीच विनंती. या गणितात गंमत आहेच. पण एके काळी या गणिताने एका थोर पुरुषाची परीक्षाही पाहिली आहे.

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, त्या वेळी हे काम फार अवघड नव्हते. सारा, कर किंवा शिक्षण यांच्या आधारावर मताचा अधिकार मिळे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीन कोटी. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. गल्लीतला मतदार म्हणजे बहुधा मालगुजार, वकील, व्यापारी किंवा मास्तर. कार्यकर्त्याला त्यांची तोंडे पाठ असत. कोण आला आणि कोण राहिला, हे यादी न उघडताही सांगता येई. त्या निवडणुकीनंतर नागपूरचे डॉ. ना. भा. खरे प्रांताचे पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.

पुढे स्वराज्य आले, घटना आली आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदारांची संख्या सतरा कोटींच्या वर गेली. शंभरांतील ऐंशीहून अधिक लोक निरक्षर; म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी चिन्हांची आणि पेट्यांची योजना केली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचे आणि हातातली मतपत्रिका मनातल्या पेटीत टाकायची. तीवर खूण नाही, नाव नाही. उत्तरेकडील काही प्रांतांत बायकांनी स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. कोणी ‘अमक्याची आई’, कोणी ‘तमक्याची बायको’. अशी सुमारे अठ्ठावीस लाख नावे याद्यांतून गळली. ज्यांचे नावच यादीत नाही, त्यांची मोजदाद कोण करणार?

नागपूर त्या वेळी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि नागपूरने लोकसभेवर अनसूयाबाई काळे यांना निवडून पाठविले. आमचे आजोबा त्या दिवसाची आठवण सांगत. कोणत्या पक्षाच्या मांडवात आपण होतो, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. एका हातात मतदार यादी, कानावर पेन्सिल आणि पायाशी पाण्याचा माठ. मतदार आला की त्याचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि यादीत त्याच्या नावापुढे रेघ ओढायची. तासातासाने रेघा मोजायच्या. ज्या घराच्या नावांपुढे जागा कोरी, तिकडे सायकलवर पोरगा पिटाळायचा. बसल्या जागी गावाची नाडी पाहण्याची ही विद्या होती. यंत्रे आली, टेलिफोन खिशात आले, तरी तिचा गाभा आजही तोच आहे.

मात्र या विद्येला एक पक्की भिंत होती. रेघ सांगते, की माणूस आला. त्याने मत कोणाला दिले, ते ती सांगत नाही. म्हणून हुशार कार्यकर्ता मतदारसंघाचे तुकडे पाडतो : ही आपली वस्ती, ती त्यांची वस्ती, ही कुंपणावरची. आपल्या वस्तीत रांग लांब दिसली की चहा गोड लागतो. त्यांच्या वस्तीत दिसली की तोच चहा कडू होतो. मतांचा अंदाज माणसांच्या अंदाजावर उभा, आणि माणसांचा अंदाज जातीच्या, धंद्याच्या, मोहल्ल्याच्या हिशेबावर. येथेच या निरुपद्रवी वाटणाऱ्या मोजणीला विषारी अंकुर फुटू शकतो.

तो कसा फुटला, हे पाहण्यासाठी त्या काळची एक विसरलेली व्यवस्था समजून घ्यावी लागेल. काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडले जात. एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला मते दोन. ती दोन निरनिराळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर त्यांतली एक बाद होई. या नियमातून एक युक्ती निघाली. आपल्या माणसाला एक मत द्यावे आणि दुसरे कोणालाही उपयोगी पडू देऊ नये! मराठीने या युक्तीला फार नेमका शब्द दिला : मत कुजविणे. धान्य कुजते तसे मत कुजवायचे.

१९५२ साली मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले आणि घटनेचा शिल्पकार पडला. त्या मतदारसंघात बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या ७४,३३३. फरकाच्या जवळजवळ पाचपट! मते कुजविण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले होते.

दोनच वर्षांनी, १९५४ च्या उन्हाळ्यात, नागपूरच्या शेजारी भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. तोही द्विसदस्य मतदारसंघ. राखीव जागेसाठी बाबासाहेब, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. विदर्भातला उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना तो प्रचार कसा झाला असेल हे सांगावयास नको. वैनगंगेच्या काठचा तो धानाचा मुलूख, बिडी वळणाऱ्यांच्या वस्त्या आणि प्रकृती ढासळलेले बाबासाहेब. नागपुरातच १९४२ साली फेडरेशनची स्थापना झाली होती. तेव्हा नागपूरच्या वस्त्यांचे डोळे भंडाऱ्याकडे लागले असले, तर नवल नाही.

आता कार्यकर्त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपली माणसे रांगेत आहेत. पहिले मत बाबासाहेबांना पडणार, याविषयी शंका नाही. दुसरे मत सर्वसाधारण जागेच्या उमेदवाराला द्यावे, तर त्याचे अनुयायी आपले दुसरे मत आपल्या नेत्याला देतील, याची हमी काय? मुंबईचा घाव ओला. मग आपणही कुजवावे की! ही सूचना त्या वेळी पुढे आली होती आणि बाबासाहेबांनी ती साफ नाकारली, असे कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगितले जाते. ज्याने एकेका माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून आयुष्य वेचले, तो ते मत मातीत घालण्याचा सल्ला देणार कसा? हरणे पत्करले, कुजविणे पत्करले नाही.

आणि ते हरले. फरक आठ हजारांहून थोडा अधिक. अशोक मेहता मात्र सर्वसाधारण जागेवर निवडून आले. यावरून पुष्कळांनी असा अर्थ काढला, की फेडरेशनच्या मतदारांचे दुसरे मत मेहतांकडे पोहोचले, पण पलीकडचे मत तितक्या मनाने परत आले नाही. पेट्या बोलत नसतात, म्हणून हा अर्थच म्हणावयाचा. तरी मला त्या दिवशी बाहेर बसलेल्या माणसांचा विचार सुटत नाही. त्यांच्या यादीत रेघा भरपूर असतील. रांगा लांब असतील. ‘किती झाले?’ याचे उत्तर आनंदाचेच असेल. मोजणी चुकली नव्हती. शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज चुकला होता.

१९६१ साली कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. १९६२ च्या निवडणुकीत पेट्यांची रांग जाऊन, एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. त्या वर्षी नागपूरने ऐंशी ओलांडलेल्या बापूजी अण्यांना, स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवर, अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले. १९७१ साली देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपुरात जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकतर्फे निवडून आले. फरक सुमारे दोन हजारांचा. दोन हजार म्हणजे किती? मोहल्ल्यामोहल्ल्यांतून दुपारी झोपून राहिलेली काही माणसे, बस! तेव्हापासून सायकलवरच्या पोराला मान आला असेल, तर तो योग्यच म्हटला पाहिजे.

उलट १९७७ पाहा. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. देशात सुमारे साठ टक्के मतदान झाले आणि उत्तर हिंदुस्थानात काँग्रेस वाहून गेली. लांब रांग म्हणजे लोकांचा राग, असे जो तो म्हणू लागला. पण नागपूरने त्याच वेळी काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले. रांगेची लांबी दिशा सांगत नाही, हा धडा नागपूरकरांनी तरी विसरू नये.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो तो फावल्या वेळात. मास्तराच्या नशिबी निवडणुकीचे काम असतेच, आणि त्यामुळे ही मोजणी मी खोलीच्या आतूनही पाहिली आहे. दर दोन तासांनी आकडा वर कळवावा लागतो : नऊ, अकरा, एक, तीन, पाच. बाकावर निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी शेजारी शेजारी बसलेले असतात. सकाळी ते एकमेकांकडे पाहत नाहीत. दुपारी एकाच डब्यातली भाकरी खातात. बाहेर पक्षांचे मांडव २०२५ पर्यंत दोनशे मीटरांपलीकडे असत. मतदान संपले की यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली, त्याचा हिशेब लिहून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यावी लागते. एकूण आकडा जाहीर. एकेक मत गुप्त. लोकशाहीची सारी कारागिरी या दोन शब्दांच्या मध्ये आहे, असे मला ती प्रत लिहिली जात असताना नेहमी वाटते.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठीही आधी समर्थकांचे मतदान होते. तसा प्रयोग काँग्रेसने २०१४ साली देशातील मोजक्या मतदारसंघांत करून पाहिला; त्यात आमच्या शेजारचे वर्धा होते. पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या मतदानात सागर मेघे निवडले गेले. पुढे खऱ्या निवडणुकीत रामदास तडस जिंकले. मतदार मोजके आणि ओळखीचे असले, की पुन्हा १९३७ सारखेच होते. तोंडे पाठ, मोजणी सोपी. पण दाराबाहेरचा अफाट समाज त्या मोजणीत नसतो.

२०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी नागपूरचे मतदान पंचावन्न टक्क्यांच्या आसपास घुटमळले. म्हणजे शंभरांतील पंचेचाळीस मते कोणी न कुजविता घरीच कुजली. भंडाऱ्याच्या उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या मजुराने दुसरी मतपत्रिकाही जपून, ज्याची त्या पेटीत टाकली. तिचा मोबदला आपल्या माणसाला मिळेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. तरी त्याने ती वाया घालविली नाही. दिवाळीत आपण अंगणात पणत्या मोजून लावतो. एखादी पणती शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवण्याचीही आपल्याकडे रीत आहे. तिचा उजेड आपल्या घरात किती आला, हे कोणी मोजीत बसत नाही.