शकुंतलेचा काटा आणि डिझेल गाडीचा सेन्सर

१५ एप्रिल १९९४. यवतमाळ–मूर्तिजापूर या अडीच फुटी रुळांच्या मार्गावरचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि ‘शकुंतले’ला डिझेल इंजिन लागले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले ते इंजिन सुमारे सत्तर वर्षे वऱ्हाडात धावले. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी इथला कापूस वाहून नेला जाई, त्याच शहरातून ते आले होते, हा योगायोग म्हणावा की हिशेब, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या इंजिनाच्या ड्रायव्हरसमोर एक गोल तबकडी असे. बॉयलरमधल्या वाफेचा दाब तिचा काटा दाखवी. या तबकडीच्या पोटात चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये या नळीचे पेटंट घेतले. त्याच वर्षी जर्मनीत बर्नहार्ड शेफर यांनी नळीऐवजी धातूचा पातळ पडदा वापरून दाबमापक केला. रेल्वे इंजिनांवर बूर्दाँची नळी गाजली. शेफर यांच्या पडद्याचे दिवस मात्र पुढे यायचे होते.

काटा खोटे बोलू शकतो, हे जुन्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. नळी थकते, छिद्रात गाळ बसतो, काटा अडकतो. म्हणून काट्याला दुसरा साक्षीदार ठेवलेला असे, तो म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. काटा लाल रेषेच्या बराच खाली असताना व्हॉल्व्ह वाफ सोडू लागला, तर दोघांपैकी एक चुकतो आहे हे उघड होई. मग दाबमापक उतरवून, ज्ञात क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ज्ञात वजने ठेवून त्याची परीक्षा घेता येई. थंड बॉयलरवर काटा शून्यावर येतो का, ही तर सर्वांत सोपी चाचणी.

आता आजच्या डिझेल गाडीकडे वळू. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून कॉमन रेल पद्धत मोटारींत आली. भारतात २००२ मध्ये ह्युंदाई अ‍ॅक्सेंटने ती आणली. यात सर्व इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळते. पहिल्याच पिढीत या रेलमधला दाब १३५० बारपर्यंत जाई, म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे १९,५०० पौंड. शकुंतलेचा बॉयलर यापुढे किरकोळच. रेलला बसवलेल्या सेन्सरमध्ये शेफर यांचाच पडदा आहे, फक्त पोलादाचा. त्यावर अतिसूक्ष्म विद्युतरोधकांचा थर असतो. पडदा ताणला की रोध बदलतो. हे तत्त्व १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे वापरात आणले.

फरक एकच, पण मोठा. काट्याचे खोटे ऐकणारा माणूस होता; तो शंका घेई. सेन्सरचे म्हणणे संगणक बहुधा तत्काळ मानतो. खरा दाब पुरेसा असताना सेन्सरने कमी सांगितला, तर संगणक तो आणखी वाढवतो आणि इंजिन खडखडते. जास्त सांगितला, तर तो दाब उतरवतो. गाडी उचल घेत नाही किंवा स्टार्टच होत नाही. मग फिल्टर, पंप, इंजेक्टर असे महागडे भाग एकामागून एक बदलले जातात आणि दोष जिथल्या तिथेच राहतो.

निदानाची रीत मात्र शकुंतलेच्या काळचीच आहे. रात्रभर उभ्या गाडीची चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर दाब पाहावा. तो शून्याच्या आसपास हवा. अनेक सेन्सरांत त्या वेळी सिग्नलच्या तारेवर अर्धा व्होल्ट मिळतो. थंड, बंद इंजिनावर ३०० बार दिसत असतील, तर साक्ष खोटी. पण लगेच सेन्सरला दोष देऊ नये. सॉकेट काढून मल्टिमीटरने पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासावे. स्कॅनरवरचे पी०१९२ आणि पी०१९३ हे कोड सेन्सरच्या सिग्नलबद्दल बोलतात, आणि तो बिघडण्याचे कारण अनेकदा तार किंवा सॉकेट हे असते. पी००८७ दिसला, तर आधी चोंदलेला फिल्टर किंवा दमलेला पंप पाहावा.

जुना दाबमापक उघडता येई, नळी साफ होई, काटा पुन्हा शून्यावर बसवता येई. रेलचा सेन्सर सीलबंद असतो. दुरुस्ती होते ती तारेची किंवा गंजलेल्या पिनेची. सेन्सर बदलावाच लागतो. तोही इंजिन बंद करून, रेलमधला दाब उतरल्याची खात्री झाल्यावरच, कारण त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. नवा सेन्सर बसल्यावर पुन्हा चावी फिरवून आधी शून्यच पाहिले जाते.