मद्रास मोटर न्यूरॉन आजार : निदान व उपचार

स्नायूंना हालचालीचे संदेश पोहोचविणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात, त्या विकारास मोटर न्यूरॉन आजार म्हणतात. त्याच्या 'एएलएस' या प्रकारात बहुतेक रुग्ण लक्षणे दिसू लागल्यापासून तीन ते पाच वर्षे जगतात. मात्र या आजाराचे सर्वच प्रकार इतके वेगाने बळावत नाहीत.

मीनाक्षीसुंदरम, जगन्नाथन व बी. राममूर्ती यांनी १९७० मध्ये मद्रासमधील तरुण रुग्णांत आढळलेल्या निराळ्या प्रकाराची नोंद केली. प्रामुख्याने दक्षिण भारतात दिसणारा हा प्रकार बहुधा तिशीच्या आत सुरू होतो. हातपाय बारीक व दुर्बल होतात, चेहरा व जीभ यांवर परिणाम होतो आणि अनेकांना ऐकू येणेही कमी होते. तथापि आजार मंदगतीने वाढत असल्याने रुग्ण अनेक वर्षे जगू शकतो.

म्हणूनच नातेवाइकांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडून चेता-स्नायू तपासणीसोबत श्रवणचाचणीही करून घ्यावी. अशीच लक्षणे असलेला एक आनुवंशिक विकार रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आटोक्यात येऊ शकतो; तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. 'एएलएस'मध्ये रिलुझोल हे औषध आजाराची गती काहीशी कमी करते, तो बरा करीत नाही. व्यायामोपचार, गिळण्याची काळजी व श्वसनसाहाय्य यांचा रुग्णास आधार मिळतो.

चेन्नईत नुंगंबाक्कम येथे उतरणाऱ्यांना उपनगरी रेल्वेने पार्क स्थानकावर जाऊन जवळचे राजीव गांधी शासकीय सर्वसाधारण रुग्णालय गाठता येते. राममूर्ती यांनी उभारलेली मेंदूविकार संस्था तेथेच आहे.