विकण्यासाठी वाचवलेली घरे

लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात एखादे जुने, नीट दुरुस्त केलेले घर विकायला निघाले की जाहिरातीतल्या काही गोष्टी ठरलेल्या असतात. 1720 च्या दशकातले बांधकाम, भिंतींवरच्या मूळ लाकडी फळ्या, पीळदार कठड्यांचा जिना, माळ्यावर विणकरांच्या रुंद खिडक्या आणि लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. किंमत लाखो पौंडांत. या गल्ल्यांतली कितीतरी घरे पन्नास वर्षांपूर्वी पडायच्या बेतात होती आणि ती कुणीतरी हट्टाने राखली, हे मात्र त्या जाहिरातींत नसते. म्हणून स्पिटलफील्ड्स हिस्टॉरिक बिल्डिंग्ज ट्रस्ट या संस्थेची वाटचाल सांगायला हवी.

आधी थोडे घरांविषयी. 1685 मध्ये चौदाव्या लुईने फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना मिळालेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि ह्यूगेनो म्हणवणारे हजारो लोक इंग्लंडात आले. त्यांतल्या रेशीम विणकरांनी आणि व्यापाऱ्यांनी लंडन शहराच्या वेशीबाहेरचा हा भाग वसवला. रस्त्याला लागून, भिंतीला भिंत टेकवून उभी असलेली ही अरुंद, उंच विटांची घरे. खाली मालकाचे बिऱ्हाड आणि धंदा, वर माग. रेशमाचा धागा केसासारखा बारीक, त्याला भरपूर उजेड लागतो, म्हणून माळ्याची भिंत जवळजवळ सगळीच खिडकीची. भारतीय कापडाशीही या वस्तीचे जुने वैर. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेल्या छापील सुती चिटाने लंडनच्या बायकांना भुरळ घातली आणि विणकरांचा धंदा बसू लागला. 1719 साली त्यांनी भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे कपडे फाडले. 1721 मध्ये संसदेने असले बहुतेक कापड वापरण्यावरच बंदी घातली.

पुढे यंत्रमागांनी हातमाग संपवले. विणकर गेले, पूर्व युरोपातून पळून आलेले ज्यू शिंपी त्याच माळ्यांवर बसले. त्यांच्यानंतर सिल्हेटचे बंगाली आले. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची एकच इमारत 1743 साली ह्यूगेनोंचे प्रार्थनाघर होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिनेगॉग झाली आणि 1976 पासून मशीद आहे. तोवर घरांची दशा झालेली होती. शेजारच्या बँकांच्या शहराला जागा हवी होती, आणि पुनर्विकासाच्या आशेवर घेतलेल्या घरांना कुणी चुन्याचे बोटही लावत नव्हते.

1977 मध्ये एल्डर स्ट्रीटवरच्या पाच आणि सात क्रमांकाच्या घरांचे पाडकाम ब्रिटिश लँड या कंपनीच्या योजनेसाठी सुरू झाले. तेव्हा वास्तुकलेचे अभ्यासक, पत्रकार आणि शेजारी अशी मंडळी सरळ त्या घरांत शिरली आणि ठाण मांडून बसली. इतिहासकार मार्क जिरुआर, डॅन क्रुकशँक, डग्लस ब्लेन ही त्यांतली नावे. रिकाम्या घरात दांडगाई न करता शिरणे तेव्हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा नव्हता. राहत्या घरांच्या बाबतीत तो 2012 मध्ये ठरला. पाडकाम थांबले, वाटाघाटी झाल्या, घरे हाती आली. त्याच वर्षी ट्रस्ट स्थापन झाला आणि जिरुआर त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

याच सुमारास, इथून काही गल्ल्या पलीकडे, दुसरी माणसेही रिकामी घरे ताब्यात घेत होती. त्यांना वास्तुकलेचे कौतुक नव्हते, छप्पर हवे होते. नगरपालिकेच्या घरांच्या यादीत वर्षानुवर्षे खोळंबलेली आणि वर्णद्वेषी हल्ल्यांना तोंड देणारी बंगाली कुटुंबे होती ती. त्यांची बेंगॉली हाउसिंग ॲक्शन ग्रुप ही संघटना 1976 मध्ये उभी राहिली. ती उभी करण्यात माला सेन आणि फारुख धोंडी यांचा वाटा होता. हे धोंडी म्हणजे आपल्या पुण्यात जन्मलेले लेखक. ट्रस्टचा इतिहास सांगताना या लढ्याचा उल्लेख बहुधा राहून जातो. तो राहू नये असे मला वाटते, कारण दोन्ही लढ्यांची तक्रार एकच होती: माणसे राहू शकतील अशी घरे रिकामी ठेवून सडवली जात आहेत.

ट्रस्टचे खरे कर्तृत्व घरात घुसण्यात नाही, पुढच्या व्यवहारात आहे. हाती आलेल्या घरांची संग्रहालये करायची नाहीत, ती विकायची, असे त्यांनी ठरवले. पडके घर घ्यायचे. आधी छप्पर पाण्यापासून राखायचे, कारण पावसाने भिजलेला वासा आधी कुजतो आणि भिंतीला घेऊन खाली येतो. त्या काळच्या गवंड्यांनी विटांच्या आतही आडवी लाकडे घातलेली असत. ती कुजली की बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत फुगते. एवढे सावरले की घर विकायचे आणि आलेला पैसा पुढच्या घरात घालायचा. खरेदी करणाऱ्याला खतातच अटी: लाकडी फळ्या, जिना, शेकोट्या यांना हात लावायचा नाही. घर चकचकीत करून देणे त्यांना मान्यच नव्हते. फळीवर तीनशे वर्षांचे रंगाचे थर असतील तर ते राहू द्यायचे, झिजलेली पायरी झिजलेलीच ठेवायची. माझ्या मते हा संयमच या संस्थेचा सर्वांत मोठा गुण. दुरुस्तीच्या नावाखाली जुने घर नव्यासारखे करून टाकणारे सगळीकडे भेटतात.

अशा घरांना वेडी माणसेच लागतात आणि ती मिळाली. कॅलिफोर्नियातून आलेल्या डेनिस सेव्हर्स यांनी 1979 मध्ये 18 फोलगेट स्ट्रीट घेतले आणि मेणबत्त्यांच्या उजेडात, एका कल्पित विणकर कुटुंबाचे म्हणून ते मांडले. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले. ते घर आता ट्रस्टकडे आहे आणि लोकांना पाहता येते. माइल एंड रोडवरच्या अठराव्या शतकातल्या मॅलप्लाके हाउसच्या पुढच्या बागेत दुकाने चढली होती आणि मागचे घर दशकानुदशके बंद पडले होते. ट्रस्टने ते 1998 मध्ये घेतले आणि आपल्या हातांनी ते उभे करायला तयार असलेल्या दोघांना विकले. खेड्यांतल्या काही वास्तूही त्यांनी याच रीतीने सोडवल्या.

जुना प्रतिपक्ष 2015 मध्ये पुन्हा समोर आला. नॉर्टन फोलगेट या लगतच्या भागातल्या जुन्या गोदामांच्या जागी ब्रिटिश लँडची मोठी योजना आली. शेकडो लोकांनी हातात हात घालून त्या भागाभोवती कडे केले. टॉवर हॅम्लेट्सच्या स्थानिक परिषदेने योजना नाकारली, पण लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी प्रकरण स्वतःकडे घेऊन 2016 च्या जानेवारीत मंजुरी दिली. ट्रस्टने न्यायालयात दाद मागितली आणि तो तिथेही हरला.

त्याहून कठीण प्रश्न विकलेल्या घरांनीच उभा केला आहे. पहिले खरेदीदार फार श्रीमंत नव्हते. पडके घर स्वस्तात घेऊन वर्षानुवर्षे त्याच्याशी झुंजणारे कलावंत, शिक्षक, लेखक होते. स्पिटलफील्ड्सचा भाजीबाजार 1991 मध्ये लेटनला हलला, बँकांची कार्यालये दाराशी आली आणि त्याच घरांना आता तिथे विणणाऱ्याचा, शिवणाऱ्याचा वारस पाऊलही ठेवू शकणार नाही असे मोल आले. हा दोष एकट्या ट्रस्टचा नाही, पण त्याच्या यशाचाच तो भाग आहे. खतातल्या अटींनी जिना वाचला. माळ्यावरच्या शिलाई मशीनसाठी तशी अट कुणी लिहिली नाही. पुढच्या काही घरांपुरती तरी ट्रस्टने ती लिहावी. थोडी घरे न विकता परवडणाऱ्या भाड्याने द्यावीत. निधी हळू फिरेल, हे खरे. पण अर्धे पाडलेल्या घरात जाऊन बसण्याची धमक असलेल्या संस्थेकडून एवढे मागायला हरकत नाही.